कॅनॉलला पाणी आलंय

पोरांनी यादी केलीय कॅलेंडरच्या मागं,
स्केचपेननं, संपलेल्या महिन्याच्या पानावर.
सगळ्यात वर 'समुद्र' होतं. ते त्यांच्या आईनं खोडलं,
म्हणाली, विट्यात जे मिळतं ते लिवा.

मी करूरहून आलो, दोन रात्री, तीन गाड्या,
अंगाला अजून तेजाबाचा वास,
बोटांची टोकं पिवळी.
आठ दिवस. एक झोपण्यात गेला, एक बँकेत.
धाकटी उंबऱ्यातनं डोकावायची
आणि आईला विचारायची, "ते उठलं का?"

दुपारी ऊन असं, की पत्र्यावरचा पापड
वाळतोय का भाजतोय, कळू नये.
पहाटे मात्र गोधडी ओढावी लागते.
आमच्याकडं शरद म्हणजे
ह्या दोन्हींच्या मधला तास-दीड तास.
फिरायचं, हसायचं, सगळं त्यात उरकायचं.

साडेपाचला निघालो. एक स्कूटर, चौघं.
पृथ्वी पुढं उभा, आरसा धरून.
रेणावीच्या चढाला गाडीनं दम टाकला;
बायको उतरली, चप्पल हातात घेऊन चालू लागली,
आणि आमच्या आधी वर पोचली.

पठारावर वारा नुसता मोकाट.
"पवनचक्कीला हात लावला की झटका बसतो,"
पृथ्वीनं सांगितलं. म्हणून धाकटीनं लावलाच.
तापलेलं लोखंड, आत काहीतरी घुमतंय.
कान टेकवून म्हणाली, "हिच्या पोटात दुखतंय."

बांधावर सीताफळं, डोळे उघडलेली.
मेंढरं वळणाऱ्या बाईनं चार दिली, पैसे घेईना:
"लेकरांच्या हातावर दिलंय, त्याचं काय मोल करतासा?"
मग बिया कोण लांब थुंकतं त्याची शर्यत.
आई जिंकली.
सहा वर्षं झाली लग्नाला दहा कमी,
मला हे माहीतच नव्हतं.

आणि कॅनॉलवर तर जत्रा.
जीपा, टेम्पो, एक भेळेचा गाडा,
नव्या साडीतली सून, तिच्या पाठी सगळी भावकी.
कुणी काही करत नाही. उभं राहून पाणी बघतात.
एक म्हातारा काठी टेकून म्हणाला,
"आमच्या टायमाला टँकर बघाय यायचो."

धाकटीनं पाय सोडले. मी तिचा फ्रॉक मुठीत धरला.
"हे कुठनं येतं?"
"कृष्णेतनं."
"चढ चढून?"
"मोटरीनं उचलतात."
"रोज असतं?"
"न्हाय. आवर्तन असतं. थोडं दिवस सोडतात, मग बंद."
ती गप्प झाली. पाय हलवत राहिली.
मीही पुढं काही बोललो नाही.
पाणी गढूळ होतं, आणि चांगलं जोरात जात होतं.

रात्री अंगणात किल्ला.
दिवाळी सरली तरी ह्यांचा बुरूज चालूच.
मुरूम मी चाळून दिला, चाळणं माझ्या हाडात आहे:
सोनारांच्या दुकानांतली केर-माती विकत घ्यायची,
मुशीत घालायची, कण कण गाळायचा.
तटावर अळीव पेरलं. तिसऱ्या दिवशी उगवलं,
अख्ख्या गल्लीत तेवढंच हिरवं.

आठव्या दिवशी सहाची एस्टी.
बायको ओटा झाडत होती:
पोरांच्या चपलांतली पठाराची तांबडी माती,
दोन बिया, मेंढीच्या लोकरीचा एक पुंजका.
"टाकू नगंस," मी सवयीनं बोलून गेलो.
"ह्यातनं काय निघणाराय?"
तिनं हसून सगळं उंबऱ्याच्या कडेला लोटलं.

पिशवी उचलताना कॅलेंडर दिसलं.
सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा.
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं,
वाकड्या अक्षरांत, कुणालाही न विचारता:
समुद्र.
त्याच्या पुढं: न्हायतर कॅनॉल चालंल.